विगनचा मथळा

११ मे २०१३, शनिवार. आयपीएल ऐन भरात होती आणि आमच्या दैनिकाच्या क्रीडा विभागात त्या दिवसांत फुटबॉलच्या वाट्याला उरलीसुरली जागा यायची. त्या रात्री फुटबॉलचं काम माझ्याकडे होतं. एफए कप म्हणजे इंग्लंडमधली बाद पद्धतीची फुटबॉल स्पर्धा. तिचा मँचेस्टर सिटी विरुद्ध विगन असा अंतिम सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर आपल्या घड्याळाने पावणेदहाला सुरू होणार होता. म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीत फक्त ‘आज अंतिम लढत’ आणि मुंबई शहर आवृत्तीचं पान बाराच्या आत सोडायचं. बरोबरी होऊन खेळ जादा वेळेत गेला असता, तर सकाळी वाचकाला निकालच मिळाला नसता.

आमच्या रात्रपाळीच्या प्रमुखांनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सांगितलं, “सिटी जिंकली असं धरून आत्ताच लिहून ठेव. गोल तेवढे नंतर भर.” त्यात वावगं काही नव्हतं. मँचेस्टर सिटीकडे आगुएरो, तेवेझ, सिल्वा होते. विगन अॅथलेटिक प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल श्रेणीतून, खाली घसरण्याच्या उंबरठ्यावर. तीनच दिवसांपूर्वी मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांनी निवृत्ती जाहीर केल्यामुळे मँचेस्टर हे नाव आमच्या वाचकांच्याही तोंडी होतं. पण मी दोन बातम्या लिहिल्या. एक सिटीची, एक विगनची. आणि खरं सांगायचं तर विगनची जास्त मन लावून.

कारण तो सगळा हंगामच लिंबूटिंबूंचा होता. जानेवारीत लुटन टाउनने नॉर्विचला त्यांच्याच मैदानावर १-० ने हरवलं. लुटन तेव्हा लीगच्या चार श्रेणींच्याही बाहेर होता, आणि अशा संघाने अव्वल श्रेणीतल्या संघाला हरवण्याची गोष्ट १९८९ नंतर घडलीच नव्हती. दुसऱ्याच दिवशी ओल्डहॅमने लिव्हरपूलला ३-२ असं घरी पाठवलं. १८७१ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत मानांकन नाही. सोडतीत चेंडू निघेल तो प्रतिस्पर्धी, आणि हरला तो बाहेर. विगनही असाच वर सरकत गेला. बोर्नमाउथविरुद्ध बरोबरी झाल्याने सामना पुन्हा खेळावा लागला. पुढे एव्हर्टनच्या मैदानावर चारेक मिनिटांत तीन गोल केले.

आणि त्यांचे मालक डेव्ह व्हेलन! १९६० च्या अंतिम सामन्यात ते ब्लॅकबर्नकडून खेळत होते आणि त्याच वेम्बलीवर त्यांचा पाय मोडला. त्रेपन्न वर्षांनी, त्या संध्याकाळी विगनच्या खेळाडूंना घेऊन मैदानात आले ते व्हेलनच. ही ओळ मी सामना सुरू होण्याआधीच चौकटीसाठी टाइप करून ठेवली. निकाल काहीही लागो, ती छापायचीच होती.

ऑफिसात एका टीव्हीवर आयपीएल, दुसऱ्यावर वेम्बली. मध्यंतरापर्यंत दुसऱ्यासमोर मी एकटाच होतो. ८१व्या मिनिटाला विगनने बेन वॉटसनला उतरवलं. नोव्हेंबरमध्ये याचाही पाय मोडला होता आणि तो नुकताच खेळायला लागला होता. ८४व्या मिनिटाला सिटीच्या झाबालेटाला लाल कार्ड. तोवर पेजमेकर माझ्या मागे येऊन उभा होता, त्याला पानाची काळजी. साडेअकरा उलटून गेले होते. भरपाई वेळेच्या पहिल्या मिनिटाला मलोनीचा कॉर्नर आला आणि वॉटसनने जवळच्या खांबापाशी उडी मारून हेडर मारला. १-०.

मी ओरडलो. आयपीएलवाले वळून बघायला लागले.

प्रमुख आले. “मथळा ‘सिटीला धक्का’ दे. त्यांच्या प्रशिक्षकाची, मँचिनीची खुर्ची जाणार म्हणतायत, तेही वर घे. विगन कोण हे कुणाला माहितीये?”

“सर, करंडक त्यांनी जिंकलाय. त्यांचं नाव मथळ्यात नाही आलं तर ते आज तरी कळणार कसं?”

“वाचकाचा विचार कर.”

“वाचकाचाच करतोय. कूपरेजवर रोव्हर्स कपचा फुटबॉल बघत मोठी झालेली माणसं आपला अंक घेतात. लालबाग-प्रभादेवीत कबड्डीच्या बाद फेऱ्या बघणारी घेतात. गल्लीतल्या मंडळाने नावाजलेल्या संघाला काढलं, तर आपण काय छापतो?”

ते माझ्याकडे बघत राहिले. हा माणूस स्वतः कबड्डीवर वर्षानुवर्षं लिहीत आला होता. मग पेजमेकरला म्हणाले, “तो खालचा सिंगल कॉलम काढ, याला जागा दे.” मथळा गेला : ‘विगनचा पहिला करंडक’. त्यांच्या इतिहासातला तो खरोखरच पहिला मोठा करंडक होता. चौकटीत व्हेलन होते. मँचिनी शेवटच्या परिच्छेदात. त्यांना सिटीने दोनच दिवसांनी काढलं.

१४ तारखेला आर्सेनलने विगनला ४-१ ने हरवलं आणि ते प्रीमियर लीगमधून खाली गेले. एकाच हंगामात एफए कप जिंकून श्रेणी गमावणारा हा पहिलाच संघ. सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर झाला, त्यामुळे ती बातमी १५च्या रात्री लागली, वानखेडेवरच्या मुंबई-राजस्थान सामन्याच्या गर्दीत, एका कॉलमात. पहिल्या वाक्यात मी एफए कप ठेवला आणि घसरण दुसऱ्या वाक्यात. अशा वेळी ‘नामुष्की’ हा शब्द सहज हाताशी येतो. मला तो या संघासाठी वापरायचा नव्हता.

मार्च २०१४ मध्ये, खालच्या श्रेणीतून खेळणाऱ्या विगनने उपांत्यपूर्व फेरीत सिटीला त्यांच्याच मैदानावर पुन्हा हरवलं, २-१. त्या रात्री मथळ्यावरून कुणी काही बोललं नाही. उपांत्य फेरीत आर्सेनलशी बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये विगन बाहेर पडला. तो निकाल शहर आवृत्तीला सापडला नाही. दुसऱ्या दिवशी बातमी शिळी झालेली असतानाही मी ती तीन कॉलमी लावली.