कार्बोरेटर नव्हे, वायसर!

जोडीचे वेबर कार्बोरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारे) बसवलेली गाडी आली की मालकाचं म्हणणं ठरलेलं असतं, ‘जेट बदलून द्या.’ जेट म्हणजे कार्बोरेटरमधला, पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग. इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या आमच्या गॅरेजात जुन्या गाड्याच येतात, त्यामुळे हे वाक्य कानाला सवयीचं झालंय. ही गाडी होती फोर्ड एस्कॉर्ट मेक्सिको. १९७० ची लंडन ते मेक्सिको रॅली हान्नू मिक्कोला आणि गुन्नार पाम यांनी एस्कॉर्टमधून जिंकली आणि फोर्डने लगेच त्या नावाचं मॉडेल काढलं. कंपनीचं इंजिन १६०० सीसीचं, ८६ हॉर्सपॉवरचं, त्यावर एकच कार्बोरेटर. मालकांनी तो काढून वेबरचे दोन ४० डीसीओई मॉडेलचे कार्बोरेटर चढवून घेतले होते.

तक्रार अशी की ४,५०० आरपीएमपर्यंत गाडी सुसाट आणि पुढे पेट्रोल संपल्यासारखी खोकायला लागते. आधीच्या गॅरेजवाल्याने मेन जेट (जास्त वेगात पेट्रोल देणारे) वाढवत वाढवत १४५ वर नेले होते. ३२ मिलिमीटरच्या चोकला (कार्बोरेटरमधल्या हवेच्या अरुंद गळ्याला) सुरुवातीचा हिशोब साधा असतो, चोकची चौपट. म्हणजे १२५ किंवा १३०. हा आकडा जेटच्या भोकाचा, १२५ म्हणजे सव्वा मिलिमीटर. १४५ ऐकूनच माझ्या कपाळाला आठी पडली. प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट.

गाडी रोलिंग रोडवर (गाडी जागीच पळवायच्या रोलरवर) घेतली, सायलेन्सरमध्ये सेन्सर घातला. कमी आरपीएमला मीटर रिच (पेट्रोल जास्त) दाखवत होता, ते अपेक्षितच होतं. पण ४,५०० च्या आसपास काटा एकदम लीनकडे (पेट्रोल कमी) पळाला, एक भाग पेट्रोलला हवा पंधराच्याही वर. एवढी मोठी भोकं असताना मिश्रण लीन कसं? इथे घाई करून चालत नाही. इंजिन मिसिंग करत असलं तरी न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि मीटर लीनच दाखवतो. कोल्हापुरात मामांच्या गॅरेजात शिकताना पहिला धडा हाच होता, कार्बोरेटरला हात लावण्याआधी करंट, म्हणजे ठिणगी बघ. कॉइल बदलून पाहिली, प्लगच्या वायरी बदलल्या, स्ट्रोब लावून टायमिंग तपासलं. फरक शून्य. पंपाचं प्रेशर तीन पीएसआय, वेबरला हवं तेवढंच. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची लेव्हलही बरोबर. मॅनिफोल्ड (कार्बोरेटर आणि इंजिन जोडणारा पाइप) कुठे हवा घेत नव्हता.

मग मागचा कार्बोरेटर हाताने हलवून पाहिला. ढिम्म हलेना! मॅनिफोल्डशी जणू वेल्डिंग केलेला.

डीसीओई असा आवळून बसवायचा नसतो. मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरच्या मध्ये ओ-रिंगवाली (रबरी कडीची) प्लेट असते आणि नटाखाली दुहेरी वेटोळ्याचे स्प्रिंग वायसर. वेटोळ्यांमध्ये साधारण एक मिलिमीटर फट राहील इतपतच नायलॉक नट फिरवायचा. इथे वायसर पार चपटे झाले होते आणि ओ-रिंगचा चेंदामेंदा. चार सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या दुप्पट वेगाने थरथरतं, ती थरथर फ्लोटच्या वाटीत पोचली की पेट्रोलला फेस येतो. जेट कितीही मोठा घाला, त्यातून फेसच जाणार.

नव्या प्लेटा, नवे वायसर घातले, फीलर गेज घालून चारही नटांची फट सारखी केली आणि जेट परत १३० वर आणले. काटा साडेबाराच्या आसपास आला आणि ६,००० पर्यंत तिथेच राहिला. खोकला गायब.

मालक बिल भरायला निघाले होते, मीच थांबवलं. फुल थ्रॉटल ही चार मिनिटांची चैन, रोजची गाडी चालते आयडल जेटवर (हळू चालताना पेट्रोल देणाऱ्या) आणि थ्रॉटलच्या पाकळीलगतच्या बारीक भोकांवर. चौकातून उचलताना ती अजून दचकत होती. चारही मिश्रणाचे स्क्रू जवळजवळ तीन आटे उघडे, म्हणजे आयडल जेट लहान पडतोय हे उघड होतं. त्यात इथल्या साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, त्याने मिश्रण आणखी थोडं लीन होतं. (भारतात आता वीस टक्के. तिकडे जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांनी जेटसोबत रबरी पाइपही तपासून घ्यावेत.) ४५ चे आयडल जेट काढून ५० चे घातले. सिंक मीटर लावून मधल्या लीव्हरच्या स्क्रूने दोन्ही कार्बोरेटरची हवा सारखी केली आणि मगच मिश्रणाचे स्क्रू लावले. हा क्रम उलटा केला की दिवसभर स्क्रूच फिरवत बसावं लागतं.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमलं नाही. कार्बोरेटरच्या तोंडावरची उघडी तुतारी काढून एअर फिल्टर बसवा म्हणून मी खूप सांगितलं. ‘‘त्या आवाजासाठीच तर दोन वेबर घेतले!’’ ते म्हणाले. धूळ सिलिंडर खाईल म्हटलं, तर म्हणे पावसात आणि धुळीत गाडी काढतोय कोण. शेवटी निदान जाळीच्या टोप्या तरी लावायला कबूल झाले. त्या बिलात वेगळ्या लिहिल्या.