रमीनोजची लाल नाके आणि बादलीतला अमोनिया : चार फुटी टाकीची पुढची नोंद

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की माशांच्या नव्या चार फुटी टाकीची सायकल (माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवणे) पूर्ण झाली आहे, २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया २४ तासांत शून्यावर येतो आहे आणि रविवारी जुन्या दोन फुटी टाकीतले सगळे मासे एका दिवसात हलवायचे आहेत. तो रविवार फार वाईट गेला. १४ रमीनोजपैकी (लाल नाकाचे, थव्याने राहणारे छोटे मासे) ४ मी आधी काढले, जुन्या टाकीच्या पाण्यासकट बादलीत ठेवले आणि सवय व्हावी म्हणून नव्या टाकीचे पाणी बारीक नळीने थेंबथेंब सोडून दोन तास ड्रिप केले. तासाभरातच त्यांची नाके फिकी गुलाबी पडली. दोन तासांनी ते पृष्ठभागाशी येऊन कल्ले जोरजोराने हलवत होते. मी त्यांना लगेच नव्या टाकीत सोडले. त्यांपैकी दोन रात्रीपर्यंत गेले.

तीन वर्षे ज्यांचा थवा रोज संध्याकाळी पाहिला, त्यांतले दोन माझ्या हातून जावेत हे मला फार लागले. शिवाय चूक कुठे झाली ते कळेना. नव्या टाकीत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान दोन्हीकडे २६ अंश. पीएचमध्ये (पाण्याच्या आम्लतेच्या मापात) फरक होता, पण तो मला एका अंकाचाच दिसत होता आणि ड्रिप त्यासाठीच तर केले होते. म्हणून पुढच्या वेळी ड्रिप चार तास करावे, असे मी ठरवलेही होते. तसे केले असते तर उरलेले मासेही गेले असते.

सोमवारी रामबागेतल्या काकांना फोन केला. इंदुरात मी मासे पाळायला लागलो तो त्यांच्याच टाक्या पाहून. सगळे ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारले, “अरे, बादलीतलं पाणी तपासलंस का?” तपासले नव्हते. महिनाभर अमोनियाचा किट मी नव्या टाकीसाठीच काढत होतो. जुन्या दोन फुटी टाकीला तो वर्षभरात एकदाही लावला नव्हता, कारण तिथली रमीनोजची नाके कुंकवासारखी लाल होती आणि पाणी बिघडले की आधी नाक फिके पडते, हे आपण सगळेच मानतो.

त्याच दुपारी जुन्या टाकीचे पाणी परीक्षानळीत घेतले, थेंब टाकले, पाच मिनिटे थांबून नळी गॅलरीतल्या उजेडात तक्त्याशी धरली. रंग गडद हिरवा, म्हणजे ८ पीपीएम. तक्त्यावर त्यापुढे खूणच नाही. दुसऱ्या नळीत पुन्हा करून पाहिले, तोच रंग. मग पीएच पेनवर संशय आला. पेनसोबत मिळणारी ६.८६ ची पुडी विरघळवून ते कॅलिब्रेट केले, तेव्हा जुन्या टाकीचा ६.८ वाटणारा पीएच प्रत्यक्षात ६.२ निघाला. ही स्वस्त पेने वाईट नाहीत, पण महिन्यातून एकदा कॅलिब्रेट केली नाहीत तर ती ठामपणे चुकीचा आकडा दाखवतात. पाण्यात बुडवून रंग पाहायच्या चाचणीपट्ट्यांविषयी माझे मत त्याहून कडक आहे. मी वापरत होतो त्या पट्टीवर अमोनियाचा चौकोनच नव्हता, आणि ‘सहा चाचण्या एकात’ या शब्दांवर विसंबून मी ते कधी नीट पाहिलेही नव्हते.

आता कारण उलगडते. रमीनोजला मऊ, म्हणजे कमी क्षारांचे, पाणी हवे म्हणून जुन्या टाकीत मी तीन भाग आरओ आणि एक भाग नळाला येणारे नर्मदेचे पाणी घालत होतो. उन्हाळ्यापासून पाणी बदलणे आठवड्यावरून महिन्यावर गेले. अमोनियाचे नायट्रेट करताना जिवाणू पाण्यातला केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) खर्च करतात. अमोनियातल्या प्रत्येक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने. केएच संपला की पीएच कोसळतो, आणि ६.५ च्या खाली गेला की जिवाणूच मंदावतात. म्हणजे फिल्टर फिरत होता, पण काम थांबले होते आणि अमोनिया साचत होता. तरी मासे मजेत होते, कारण इतक्या आम्ल पाण्यात जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते फारसे विषारी नसते. ६.२ पीएचला त्यातला जेमतेम ०.१ टक्का भाग मुक्त, विषारी अमोनिया असतो, ७.६ ला तोच भाग २.४ टक्क्यांच्या आसपास जातो.

हा हिशेब बादलीला लावून पाहा. जुन्या पाण्यात केएच उरलाच नव्हता, त्यामुळे नव्या टाकीचे तितकेच पाणी मिसळताच पीएच सरळ तिच्या ७.६ कडे गेला. एकूण अमोनिया ८ वरून ४ पीपीएमवर आला, पण विषारी भाग ०.००८ वरून ०.०९६ वर चढला, म्हणजे बारा पट. मी दोन तास जे ड्रिप केले ते त्या चार माशांना त्यांच्याच पाण्यात हळूहळू विष देणे होते. टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा) १४० वरून ३१० कडे जाणारा झटका त्यात वेगळा.

मग पहिला विचार आला तो जुनी टाकीच आधी सुधारून घेण्याचा. मंगळवारी सकाळी तिचे एक चतुर्थांश पाणी बदलले, पण जिवाणू मंद असल्याने अमोनिया त्या वेगाने उतरणार नव्हता, आणि थेट नर्मदेचे पाणी घालून पीएच वर नेणे म्हणजे अख्ख्या टाकीची बादली करणे. पिंपाशी उभा राहून हा विचार करत असतानाच सुचले की उलटे करावे. चालू फिल्टर नव्या टाकीला आहे, तर तिचे पाणी उतरवून ती जुन्या टाकीसारखी करावी, मासे जाळीने न्यावेत, जुन्या पाण्याचा एक थेंबही सोबत नेऊ नये आणि मग तीच टाकी रोज थोडी थोडी भरत जावे. तिथे अमोनिया शून्य असल्यामुळे पीएच चढला तरी धोका नाही.

त्याप्रमाणे नव्या टाकीत ३० लिटर पाणी ठेवले आणि दोन रात्री घरच्या आरओखाली बादल्या लावून ६० लिटर घातले. टीडीएस १२३ झाला. देशी बदामाची चार वाळलेली पाने टाकल्यावर पीएच ६.९ वर स्थिरावला. पाण्याची उंची १८ सेंटीमीटरच होती, त्यामुळे कॅनिस्टरच्या, म्हणजे टाकीबाहेरच्या फिल्टरच्या, शोषनळीला जोड द्यावा लागला. पहिल्या रात्री एक नवीच अडचण दिसली : स्प्रे बार (फिल्टरचे पाणी परत सोडणारी छिद्रांची नळी) वर राहिल्याने पाणी धबधब्यासारखे पडत होते, त्यातून कार्बन डायऑक्साइड उडून पीएच सकाळपर्यंत ७.२ झाला होता. बार पाण्याखाली आडवा बांधला तेव्हा तो उतरला.

गुरुवारी संध्याकाळी दिवे बंद करून आधी आठही कोरी (तळाशी राहणारे छोटे मासे) हलवले. त्यांचे काटे जाळीत अडकतात, म्हणून त्यांना प्लास्टिकच्या पेल्यात धरून पाणी जाळीतून गाळून टाकले. मग दहा रमीनोज. नव्या टाकीत वाचलेले दोघे काळ्या दगडामागे दबून होते. दहा जण सुटताच ते बाहेर आले आणि बाराचा थवा झाला. शनिवारी सकाळी दिवा लावण्याआधी खिडकीच्या उजेडात पाहिले, तर बाराही नाके कल्ल्यांपर्यंत लाल होती. मी तिथेच जमिनीवर बसून बराच वेळ पाहत राहिलो.

तीन एंजल मासे मात्र अजून जुन्या टाकीत आहेत. त्यांच्या उंचीला १८ सेंटीमीटर पाणी अपुरे होते, म्हणून त्यांना मागे ठेवले आणि तिथे रोज एक चतुर्थांश पाणी त्याच तीनास एक मिश्रणाने बदलतो आहे. मासे कमी झाल्याने अमोनिया आज १ पीपीएमवर आला आहे आणि पीएच अजून ६.४ च आहे, हेच मला हवे होते.

नवी टाकी रोज १२ लिटरने भरते आहे. आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते, त्यामुळे दोन दिवसांचे पाणी पिंपात भरून, अँटीक्लोरीन घालून, रात्रभर हवेचा दगड सोडून ठेवतो. बोअरचे पाणी मी यात मुळीच घेत नाही. ते माझ्या मोजणीत फारच कठीण येते. आज टाकीत १३८ लिटर, टीडीएस १८८, पीएच ७.२, अमोनिया आणि नायट्राइट शून्य.

जुन्या फिल्टरचा स्पंज नव्या कॅनिस्टरमध्ये घालायचा असे आधी ठरवले होते, पण इतके दिवस मंदावलेल्या जिवाणूंवर भिस्त ठेवण्यापेक्षा तो जुन्या टाकीतच ठेवून केएच हळूहळू वाढवून पाहावा, असे आता वाटते. जिवाणू सावरले तर ती टाकी पुढे कोरींच्या पिल्लांना कामी येईल.

परवा नळ येईल. पिंप भरले आणि टाकीतले पाणी ३० सेंटीमीटरवर आले की दोन्ही टाक्यांचा अमोनिया मोजून एंजल हलवेन.