नाव झाकलं तरी माणूस दिसतो

आज दिवसभर संशोधन-प्रस्तावांतली अर्जदारांची नावं पुसली, म्हणजे निवड करणाऱ्यांना प्रस्ताव कोणाचा ते कळू नये. मुखपृष्ठ सोपं असतं. ‘आमच्या आधीच्या शोधनिबंधात’ एवढं वाक्य राहिलं की सगळं उघडं पडतं. तिथे ‘संदर्भ ७ मध्ये दाखवल्याप्रमाणे’ असंच हवं.

हबल या अवकाश दुर्बिणीवर निरीक्षणाचा वेळ कोणाला द्यायचा हे ठरवताना २०१८ पासून हेच करतात. क्रमवारी ठरल्यावरच संघाची पात्रता पाहतात. समितीत कुणी ‘हे कोणाचं काम ते ओळखलं’ म्हणालं की चर्चा थांबवणारा माणूस खोलीत बसलेला असतो (फार गरजेचा!). पहिल्याच फेरीत स्त्रियांचे ८.७, पुरुषांचे ८.० टक्के प्रस्ताव मंजूर झाले. आधी वर्षानुवर्षं पुरुषच पुढे असायचे.

पाळणाघर, वयाची अट, नवऱ्याची बदली या संशोधक स्त्रियांच्या अडचणींवर मात्र नावं झाकून काही होत नाही. त्याला पैसे लागतात.