तुम्ही विचारलंत म्हणून: हे कोमात्सू कोण?

चंद्रपूरकडच्या ओपन कास्टमध्ये, म्हणजे उघड्या खाणीत, मी तेवीस वर्षं बीईएमएल या सरकारी कंपनीचा डोझर चालवला, हे कळलं की लोक हटकून विचारतात, "ते बीईएमएलचे पिवळे डोझर मुळात कोमात्सूचे ना? हे कोमात्सू म्हणजे होंडा-टोयोडांसारखे कुणी मालक का?"

नाही. कोमात्सू हे गाव आहे. जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे, इशिकावा प्रांतात. नावाचा अर्थ छोटा पाइन. वाईचा तो वाईकर, तशी डोझर बनवणारी ही जपानी कंपनी कोमात्सूकर.

मालकाचं आडनाव ताकेउची, नाव मेइतारो. गावाजवळच्या डोंगरात त्याची तांब्याची खाण होती. खाणीची यंत्रं घडवायला त्याने १९१७ साली कोमात्सूत लोखंडकामाचा कारखाना काढला. हे मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही. ज्याने खाणीत काम केलंय त्याला विचारा. मशीन ब्रेकडाऊन होऊन उभी, सुटा भाग येणार कधी कुणाला पत्ता नाही, आणि शिफ्टभर आपण डोझरच्या चेनवर, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यावर, बसून चहा पितोय. अशा दहा दिवसांत शहाणा खाणमालक म्हणणारच, भाग आपणच ओतू. १९२१ साली हा कारखाना खाणीपासून वेगळा होऊन स्वतंत्र कंपनी झाला.

मेइतारोचा धाकटा भाऊ दत्तक गेला म्हणून त्याचं आडनाव योशिदा. युद्धानंतर जपानचे पंतप्रधान झालेले शिगेरू योशिदा ते हेच. स्वतः मेइतारोचं आडनाव मात्र भलतीकडेच उरलं. सुरुवातीच्या एका जपानी मोटारीला त्याने आणि आणखी दोघांनी पैसा पुरवला होता. देन, आओयामा, ताकेउची या तिघांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून गाडीचं नाव ठेवलं 'डॅट'. त्याच नावातून पुढे डॅटसन आली. म्हणजे आपल्या रस्त्यांवर परवापर्यंत विकली जाणारी डॅटसन गो घ्या, तिच्यातला 'ट' या खाणवाल्याचा!

कारखान्याने १९३१ साली शेतीचा ट्रॅक्टर केला, चेनवर चालणारा. पुढे युद्धात नौदलाला विमानांच्या धावपट्ट्या झटपट हव्या होत्या. फावडी-घमेली घेतलेल्या माणसांच्या जोरावर ते होत नव्हतं, आणि अमेरिकन तर बुलडोझर घेऊन उतरत होते. तेव्हा १९४३ मध्ये कोमात्सूने ट्रॅक्टरपुढे ब्लेड लावून आपला पहिला बुलडोझर बनवला. १९४७ साली डी५० हा बुलडोझर आला. तेव्हा काम बदललं होतं, बेचिराख शहरांचे ढिगारे उपसायचे होते.

खरी कसोटी पुढेच. साठच्या दशकाच्या तोंडाशी डोझर बनवणारी अमेरिकेची कॅटरपिलर कंपनी मित्सुबिशीशी हात मिळवून जपानातच कारखाना काढणार, अशी बातमी आली. कोमात्सूचे डोझर टिकाऊपणात तिच्यापुढे फिके होते. १९६१ साली कोमात्सूने मोहीम काढली, नाव 'मारू ए', म्हणजे वर्तुळातला ए. हुकूम असा की आधी खर्चाचा विचार बाजूला ठेवा, मशीन टिकली पाहिजे. खर्च नंतर कमी करू. आमच्याकडच्या कुठल्याही साहेबाच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलेलं नाही. १९६४ साली कोमात्सूला गुणवत्तेचं डेमिंग पारितोषिक मिळालं. त्याच साली इकडे बीईएमएल स्थापन झाली. पुढे ती कोमात्सूच्या परवान्याने डोझर बनवू लागली. मूळ मॉडेल डी३५५, आमच्याकडचं बीडी३५५. जपानी नावाला पुढे एक बी चिकटवला, झालं.

निवृत्तीनंतर मुलीकडे जपानला गेलो तेव्हा हट्टाने कोमात्सू गाठलं. जुना कारखाना २०१० साली बंद झाला. स्टेशनाला लागूनच त्या जागेवर आता बाग आणि छोटं प्रदर्शन आहे. तिथे कोमात्सूचा ९३०ई डंपर उभा आहे. तीनशे टनांच्या घरात माल उचलणारा, चाकाशेजारी माणूस उभा राहिला तर अर्ध्यातच संपतो. पोरं रांगेने चढून बसत होती, मीही बसलो.

गंमत म्हणजे हे ९३०ई कोमात्सू गावात बनतच नाहीत. ते बनतात अमेरिकेत पिओरियाला, जिथे कॅटरपिलरचं मुख्यालय कित्येक दशकं होतं. मुलीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, उतरा आता, मागे रांग लागलीय."