साक्षींची वेळ

आमच्या बेळगावच्या ख्रिस्ती मंडळीची वार्षिक सभा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी भरते, कारण तोवर नाताळची धामधूम संपलेली असते आणि खानापूरकडच्या लोकांची भाताची मळणीही उरकलेली असते. चिटणीस या नात्याने गेली एकोणीस वर्षे मी तिचे इतिवृत्त लिहीत आलो आहे. स्वागत, अहवालवाचन, दानार्पण हे सारे दरवर्षी ठरल्याप्रमाणे पार पडते. मी मात्र वाट पाहतो ती जेवणानंतर, तीनच्या सुमारास होणाऱ्या साक्षींची, म्हणजे देवाचा आलेला अनुभव ज्याने त्याने उभे राहून सांगण्याची, आणि नेमकी त्याच वेळी कॅम्प-टिळकवाडीकडची निम्मी माणसे पलाव जेवून घरी गेलेली असतात. सकाळी पाहुण्या पाळकांच्या प्रवचनाला खुर्च्या कमी पडतात, दुपारी त्याच खुर्च्यांवर मुले उड्या मारतात. याचे मला अजूनही वाईट वाटते आणि ते मी लपवत नाही.

काही वर्षांपूर्वी सभेचा विषय ‘आत्मिक धैर्य’ असा होता. वक्ते विद्वान होते. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात ज्याला धैर्य म्हटले आहे, त्याचा मूळ ग्रीक शब्द ‘पार्रेसिया’ असून त्याचा अर्थ सर्व काही मोकळेपणाने बोलणे असा आहे, हे त्यांनी सांगितले. पेत्र आणि योहान यांना धमकावून सोडून दिल्यावर शिष्यांनी धमक्या टळाव्यात म्हणून नव्हे, तर वचन धैर्याने बोलता यावे म्हणून प्रार्थना केली, आणि खुद्द पौलालाही बेड्यांत असताना आपल्यासाठी हेच मागा असे इफिसकरांना लिहावे लागले, हे मुद्दे मी वहीत उतरवून घेतले. याच बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींचाही उल्लेख झाला. धर्मांतरामुळे आप्तांचा रोष पत्करलेल्या या माणसाने १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहून विधवांचे हाल चारचौघांत मांडले, हे ऐकताना आमच्या शहराचा अभिमान वाटला.

पण तो विषय मला खरा कळला तो दुपारी, निपाणीच्या आक्कांकडून. आक्का चाळीस वर्षे बिड्या वळत होत्या. अक्षरओळख नाही, पण बोटे अशी की बोलता बोलता पदराचे टोक पानासारखे वळत राहायची. मुकादम रोज संध्याकाळी त्यांच्या बिड्यांतून मूठमूठ ‘छाट’ म्हणजे खराब ठरवलेल्या बिड्या काढी, त्यांची मजुरी बुडे, आणि त्याच बिड्या पुढे चांगल्या बिड्यांत मिसळल्या जात. “लई दिस मी देवाकडं ह्येच मागत हुते, की ह्याचं वाटोळं हुंदे,” असे आक्कांनी सांगितले तेव्हा मंडपात हसू पिकले. मग एका संध्याकाळी सगळ्या बायकांदेखत त्या म्हणाल्या, “मुकादम, छाट काढल्याली बिडी माझ्याम्होरं मोडा, न्हाईतर तिचं पैसं द्या.” इथवर आम्ही टाळ्या वाजवल्या. आक्का मात्र खाली बसल्या नाहीत. आपणही बिड्यांसाठी मिळालेल्या तंबाखूतला थोडाथोडा जर्दा घरी मागे ठेवत होतो, तो डबा त्याच संध्याकाळी मुकादमापुढे उघडला, हे त्यांनी पदर सावरत सांगितले आणि मंडप चिडीचूप झाला. मुकादमाला जाब विचारण्याची हिंमत एखाद्याला येईलही. त्याच श्वासात स्वतःचा डबा उघडणे मला अजून जमलेले नाही. इब्री लोकांस पत्रात कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने यावे असे सांगितले आहे, तेथे लपवण्यासारखे काहीच उरत नाही.

त्या सभेला ज्यांनी हात लावला त्यांची नोंद येथे करतो, कारण इतिवृत्तात एक नाव राहिले होते आणि त्याचा राग मला वर्षभर सोसावा लागला. पेटीवर अण्णा होते, तबल्यावर त्यांचे जावई. कानडी भाषांतर निवृत्त मास्तरांनी केले, घसा बसलेला असतानाही. महिला मंडळाच्या भगिनींनी पहाटे चारला चुली पेटवल्या. संडे स्कूलच्या दोन्ही बाईंनी मुलांना आवरले. मंडपाची वीज शेजारच्या पाटलांच्या घरून घेतली होती. ते आमच्या मंडळीचे नव्हेत, पण आक्कांची साक्ष त्यांनी कुंपणाशी उभे राहून शेवटपर्यंत ऐकली. आणि पाण्याची टाकी ज्यांनी ट्रॅक्टरवरून दोन खेपा करून आणली ते वडगावचे दादा, ज्यांचे नाव राहिले होते.

आक्का गेल्याला आता तीन वर्षे झाली. मागच्या महिन्यात कमिटीच्या बैठकीत मी प्रथमच उभा राहून म्हटले, की यंदा साक्षी जेवणाआधी ठेवाव्यात. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्या वयोवृद्ध खजिनदारांनी चष्मा पुसत विचारले, “आणि पलाव गार झाला, तर त्याची साक्ष कोण देणार?”