फसलो म्हणून नर्सरी झाली : आमची वाटचाल

सगळे विचारतात औषधी वनस्पतींच्या नर्सरीची आयडिया कुठून आली, तर आयडिया वगैरे काही नव्हती, आम्ही फसलो आणि त्यातून हे झालं. 2003 चा पावसाळा. तेव्हा सफेद मुसळीचं जबरदस्त वारं होतं, ज्याला त्याला मुसळी लावायची होती, वाळलेल्या मुसळीला किलोला हजाराच्या वर भाव मिळतो असं जो तो सांगायचा आणि एका बाय-बॅकवाल्या (बियाणं विकायचं आणि पीक आम्हीच परत घेऊ म्हणायचं) कंपनीचा माणूस आमच्या भोर तालुक्यात गावोगाव फिरत होता. बायकोच्या भिशीचे पैसे आले होते, त्यातनं 60 किलो फिंगर, म्हणजे मुसळीची बोटासारखी मुळं, बियाण्याला घेतले, किलोला 300 रुपये! पाच गुंठ्यांत गादीवाफे करून लावले. (गंमत म्हणजे मुसळीच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे, बोरिविलियानम. हे मला फसल्यानंतर कळलं.)

तीन आठवडे झाले तरी निम्मे वाफे मोकळेच. उकरून बघितलं तर फिंगर जसेच्या तसे, गुळगुळीत, टोकाला जरा कुजायला लागलेले. आमच्याच शेजारच्या गावात एक रिटायर्ड कृषी सहाय्यक राहतात, त्यांना आणून दाखवलं. त्यांनी एक फिंगर हातात घेतला, फिरवला आणि म्हणाले, "अरे, याला टोपीच नाहीये." म्हणजे काय तर मुसळीच्या बोटाला डोळा नसतो, डोळा असतो तो वरच्या खोडाच्या चकतीवर, घड फोडताना प्रत्येक बोटाबरोबर त्या चकतीचा तुकडा आला तरच कोंब फुटतो, नाहीतर ते नुसतं मूळ, भाजी करून खा. आम्हाला अर्धे नुसती मुळंच विकली होती. कंपनीचा फोन लागेना, पुढच्या वर्षी तर ऑफिसच नव्हतं.

जे उगवले ते मात्र आम्ही जपले. पानं वाळली की काढायचे, मोठे सोलून वाळवायचे (पाच किलो ओल्याचं किलोभर होतं, सोलताना बोटं सुजतात ती वेगळीच) आणि चांगले टोपीसकट पुढच्या वर्षीच्या बियाण्याला ठेवायचे. तिसऱ्या वर्षी आसपासचे आमच्याकडे बियाणं मागायला यायला लागले, आणि आम्ही प्रत्येकाला फिंगर हातात देऊन सांगायचो, आधी टोपी बघा मग पैसे द्या. भाव पुढे पडला तो पडलाच, मुसळी आता आम्ही दोनच वाफे करतो. पण बिझनेस मालाचा नाही, रोपाचा करायचा हे तेव्हा ठरलं.

शतावरी सोपी, तिच्याबद्दल फार सांगत नाही. काळं झालेलं बी कडक असतं, भिजवून टाका आणि महिनाभर धीर धरा. लोक पंधराव्या दिवशी ट्रे उपडा करतात.

गुळवेलीचं मात्र सांगतो, कारण सगळ्यात सोपी म्हणतात तिच्यातच आम्ही मार खाल्ला. पेन्सिलीएवढ्या जाड काडीचे वीतभर तुकडे करायचे, दोन-तीन डोळे ठेवायचे आणि पिशवीत खोचायचे, एवढंच. पण पहिल्या साली हजारातले तीन-चारशे गेले. कारण काय? तुकडे करून पाटीत टाकले की वरचं टोक कुठलं आणि खालचं कुठलं कळत नाही, आणि उलटी लावली की मुळी धरत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनीच यावर उपाय काढला, खाली तिरका काप, वर सरळ काप. तिरकं ते मातीत. संध्याकाळच्या अंधारातसुद्धा चुकत नाही. आज आमच्याकडे सगळ्या कटिंगला हाच नियम आहे, अडुळसा असो नाहीतर निर्गुडी.

2020 मध्ये तर गुळवेलीला लोकांनी वेड्यासारखी मागणी केली. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग वादळात आमचं शेडनेट पाईपांसकट उडून खालच्या भातखाचरात गेलं, तरी फोन थांबेनात. तेव्हा एकाने दोन पोती काड्या स्वस्तात आणून दिल्या, जंगलातल्या आहेत म्हणाला. फुटल्यावर बघतो तर पानाच्या मागं हात फिरवला की मऊ लव लागते. आपल्या गुळवेलीचं पान दोन्हीकडून गुळगुळीत असतं. ही तिची बहीण, सायनेन्सिस, औषधाला जी धरतात ती कॉर्डिफोलिया. तयार झालेली आठशे रोपं उपटून टाकली आणि बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, कारण तिचं म्हणणं होतं गिऱ्हाइकाला कुठं कळतंय. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, एक वही करूया. त्या वहीत प्रत्येक मदर प्लांट, म्हणजे ज्याच्या काड्या कापतो ते मूळ झाड, कुठून आणलं, कधी, पान-फूल कुणी बघून ओळखलं हे लिहितो, आणि तिथं नोंद नसेल तर काडी कापायची नाही.

सीता अशोकाचं पण तेच. रस्त्याकडेला मनोऱ्यासारखा उंच जातो तो अशोक नव्हे, लोक तोच मागून नेतात. खऱ्याची कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती, फुलं केशरी-लाल झुबक्यांनी. याचं बी थांबत नाही हो! शेंगा पिकल्या की आठवड्यात मातीत गेलं पाहिजे, सुकलं की मेलं. एकाकडून मागवलेलं बी पोस्टात महिनाभर फिरून आलं, दोनशेतलं एकही उगवलं नाही. आता मी स्वतः झाडाखाली जाऊन वेचतो आणि ओल्या कोकोपीटमध्ये घालून त्याच दिवशी घरी.

आणि हिरडा. आमचं मावळच हिरडस मावळ, नावात हिरडा आहे, आणि नर्सरीत मात्र दहा वर्षं हिरड्याचं रोप नव्हतं. आठळी इतकी टणक की उगवतच नाही नीट. जुनी युक्ती अशी की गर काढायचा, आठळीचं बोथट टोक जरासं छाटायचं, आतल्या बियाला धक्का न लावता, आणि 36 तास थंड पाण्यात ठेवायची. छाटताना जोर जास्त झाला की आतलं फुटतं, कमी झाला की पाणी शिरत नाही. आम्ही अडकित्त्याने करतो, शंभर छाटल्या की सत्तर बऱ्या निघतात.

पण बियाच्या हिरड्याला फळ यायला आठ-दहा वर्षं, कोण थांबणार? बाळहिरडा (हिरड्याची कोवळी फळं) गोळा करणारे एक म्हातारे बाबा आहेत वरच्या वाडीत, त्यांनी मला एक झाड दाखवलं, "भाऊ, बाकीची साल आड धरतात, हे दरसाल धरतं." त्याच झाडाच्या काड्या आणून बियापासून केलेल्या वर्षाच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, आंब्यासारखं कलम बांधून बघितलं. पहिल्या खेपेला शंभरात बावीस धरली. आता निम्म्याच्या वर धरतात, आणि दोन कलमांना चौथ्या वर्षी मोहर आला तेव्हा बाबांना गाडीवर बसवून आणलं होतं बघायला. त्यांनी कलमाचा सांधा चाचपला आणि विचारलं, "मग आमच्या झाडाचे पैसे?" हसत म्हणाले, पण मुद्दा बरोबर होता. तेव्हापासून त्या झाडाच्या प्रत्येक विकलेल्या कलमामागे 10 रुपये त्यांच्या घरी जातात, तेही वहीत लिहितो.

सध्या डोकं वावडिंगात अडकलंय. बाजारात वावडिंग म्हणून जे मिळतं त्यात दोन जाती सर्रास मिसळलेल्या असतात, त्यामुळं आम्ही खात्रीच्या वेलावरचं बी मिळवलं, 400 दाणे टाकले, शेणाच्या पाण्यात भिजवून, नुसत्या पाण्यात, न भिजवता, सगळं करून झालं. चार महिन्यांत अकरा उगवले. मावशी रोज विचारतात हा ट्रे टाकू का, मी म्हणतो राहू द्या, पाणी घाला.