वॉल्डनचा बर्फ

टीवायला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) अमेरिकन साहित्याचा पेपर शिकवायला लागून मला अठरा वर्षं झाली. अमेरिकन लेखक थोरो वॉल्डन तळ्याकाठी झोपडीत राहिला, त्या दिवसांवरचं त्याचं पुस्तक 'वॉल्डन'; त्यातलं हिवाळ्यातल्या तळ्याचं प्रकरण आलं की मी थेट शेवटाकडे जायचे. तिथे थोरो म्हणतो: मद्रास, मुंबई, कलकत्त्याची उकाड्याने हैराण झालेली माणसं माझ्या विहिरीचं पाणी पितात, सकाळी माझी बुद्धी गीतेत न्हाते, वॉल्डनचं पाणी गंगेत मिसळतं. 'पूर्व-पश्चिम संगम' लिहिलं की मार्क मिळतात. त्याआधीची, गोठलेल्या तळ्याचा बर्फ विकायला कापून नेण्याची पानं गाईडं गाळतात, आणि आम्ही शिकवणारेही.

गेल्या मंगळवारी मागच्या बाकावरच्या मुलीने तीच पानं काढली. तिचे वडील रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात आहेत.

"मॅडम, हा माणूस तिथे उभा राहून बघत होता. बर्फाच्या राशीत वारा शिरू नये म्हणून बाहेरच्या थरांत गवत भरलंय, वारा शिरला तर आत पोकळ्या होतात, हे त्याने बरोबर लिहिलंय. बाबासुद्धा गाडीत लादीला लादी भिडवून लावतात. फट राहिली की वितळायला तिथूनच सुरुवात."

मग तिने विचारलं, "रास दहा हजार टनांची. १८४६-४७च्या हिवाळ्यात रचली, थोडीच नेली, उरलेली १८४८च्या सप्टेंबरपर्यंत वितळत राहिली. बराचसा बर्फ तळ्याला परत मिळाला, असं तोच म्हणतो. मग मुंबईला काय आलं?"

बॉस्टनचा बर्फाचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ मध्ये कलकत्त्याला बर्फ धाडला, पुढे मुंबईतही अमेरिकन बर्फ विकला जायचा, एवढं मी सांगितलं. पण तिचा प्रश्न तो नव्हताच.

घरी येऊन प्रकरण पुन्हा वाचलं. पैसे दुप्पट करायला निघालेल्या एका धनिकाने भर थंडीत तळ्याच्या अंगावरचा एकुलता एक कोट, नव्हे कातडीच, काढून नेली असं थोरो चिडून लिहितो. दोन पानांनी तोच बर्फ गंगेला जाऊन मिळतो, आणि तिथे रागाचा मागमूस नाही. बराचसा माल हललाच नाही हे ठाऊक असून त्याने ते वाक्य लिहिलं. म्हणजे तो संगम व्यापाऱ्याच्या जहाजाने घडवलेला नाही, त्याने स्वतः वाक्यात घडवलाय. असं मला आज वाटतं. मुलीला ते अर्धंच पटलंय.

आणखी एक तारीख मी इतकी वर्षं नुसती वाचून सोडली होती. थोरोने तळ्याकाठची झोपडी सोडली ती १८४७च्या सप्टेंबरात. रास संपली त्यानंतर वर्षाने. तो शेवटचा बर्फ बघायला तो गावातून पुन्हा तळ्यावर येत असणार.